हिरड्यांची टाकी

जयराम पगारे यांच्या हातून टोकदार कडेची वस्तू कधी निघतच नसे. त्यांचा धंदा कवळ्यांचा. नाशकात शालिमार चौकाच्या मागच्या गल्लीत, जिना चढून गेल्यावर पहिलीच खोली त्यांची. दातांचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवत आणि पगारे त्यावरून कवळी करून देत. कवळीची कड जराशी जरी राहिली तरी हिरडी सोलून निघते, आणि मग माणूस प्रत्येक घासाला करणाऱ्याचा उद्धार करतो. म्हणून बोटांना सवयच जडली होती. कड दिसली की घासायची. घरातल्या पोळपाटाची कड त्यांनी गोल केली होती, खिडकीच्या फळीची केली होती. एकदा तर लताबाईंच्या शाळेतल्या लाकडी पट्टीचीही केली. त्यानंतर त्या पट्टीने सरळ रेघ येईना.

लताबाई त्यांच्या पत्नी, प्राथमिक शाळेत शिक्षिका. मुलगी लग्न होऊन मनमाडला गेली त्या वर्षी त्यांनी काचेची एक टाकी आणि चार सोनेरी मासे घरी आणले. संध्याकाळी नवरा-बायको चहा घेऊन टाकीपुढे बसत. बोलणं फारसं होत नसे. मासे इकडून तिकडे गेले की दोघांच्याही माना तशाच जात. पगाऱ्यांना दिवसभरात ही एवढीच बैठक आवडीची होती, पण तसं ते कधी बोलले नव्हते.

१९८३ च्या दिवाळीनंतर टाकीची काच तडकली. मासे मोरीजवळच्या प्लास्टिकच्या टबात गेले. त्यातल्या एकाने बाहेर उडी मारली आणि सकाळी तो फरशीवर कोरडा सापडला.

"आमच्या शाळेत मोठी टाकी आहे," लताबाई म्हणाल्या. "रविवारी सहादू शिपाई येईल, त्याच्याबरोबर देऊन टाकते. आणखी एक मेलेला मला बघायचा नाही."

"रविवारपर्यंत मी टाकी करतो. अ‍ॅक्रिलिकची."

"तुम्ही?"

"का? माझ्याइतकं अ‍ॅक्रिलिक कोणी हाताळलंय नाशकात?"

ते खरंच होतं. कवळी अ‍ॅक्रिलिकचीच असते. फक्त आजवर त्यांनी ते तोंडात मावेल एवढंच हाताळलं होतं.

जिन्याखाली जमीलचं पाट्यांचं दुकान होतं. डॉक्टर-वकिलांच्या नावाच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर तो याच पारदर्शक प्लास्टिकवर करी. त्याच्या अब्बांची कवळी पगाऱ्यांनीच केलेली. त्यामुळे पाच तुकडे त्याने आनंदाने मापात कापून दिले. प्रश्न होता तो चिकटवायचं कशाने. सुताराचा पांढरा डिंक पाण्यात सुटला असता. बाजारात मिळतो तो दोन नळ्यांतला चिकट मसाला कालवून लावता आला असता, पण अ‍ॅक्रिलिकच्या गुळगुळीत अंगावरून तो कधी ना कधी पापुद्र्यासारखा निघतो.

"क्लोरोफॉर्म," जमील म्हणाला. "सुईने सांध्यात सोडायचा. तो चिकटवत नाही भाऊ, विरघळवतो. दोन्हीकडचं प्लास्टिक मऊ होतं, क्लोरोफॉर्म उडून जातो आणि दोनाचं एक होतं. फक्त कडेला कड घट्ट भिडली पाहिजे. आणि खिडकी उघडी ठेवा, नाहीतर तुम्हाला उठवायला वहिनींना तांब्या घेऊन यावं लागेल."

पगाऱ्यांनी खिडकी उघडी ठेवली. सुई सांध्यावरून फिरवली. टाकी उभी राहिली, सुकली. मग खाली वर्तमानपत्र अंथरून त्यांनी तिच्यात पाणी भरलं. चहा पिऊन होईस्तोवर वर्तमानपत्र चारही बाजूंनी भिजलं होतं.

जमील वर आला. त्याने सांध्यावरून नख फिरवलं आणि थांबला.

"भाऊ, ह्या कडा कोणी गोल केल्या?"

पगाऱ्यांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. "जरा हात फिरवला होता. टोचत होत्या."

"कोणाला टोचत होत्या? माशांना? मी चौकोनी तुकडे दिले होते, तुम्ही त्यांचा जबडा केला!"

क्लोरोफॉर्म भिडलेलं जोडतो, फट भरत नाही. कडा पुन्हा कापायच्या तर जोडलेली टाकी फोडावी लागणार होती, आणि जमीलकडे तेवढं दुसरं प्लास्टिक नव्हतं. तो हळहळत खाली गेला. पगारे टाकीपुढे बसून राहिले. फट भरायची, तीही अ‍ॅक्रिलिकनेच, असा विचार करता करता त्यांचं लक्ष फळीवरच्या बाटल्यांकडे गेलं. पूर्ण कवळीचा मसाला उकळत्या पाण्यात पक्का होतो. टाकी उकळली असती तर तिचा पापड झाला असता. पण तुटलेली कवळी सांधायचा मसाला निराळा. पावडरीत द्रव कालवायचा, की तो जागच्या जागी घट्ट होतो. अडचण एकच होती. पावडर गुलाबी होती. बिनरंगी पावडर मुंबईहून मागवावी लागे आणि दुसऱ्या दिवशी तर शनिवार होता.

शनिवारी सकाळी ते आतल्या कोपऱ्यांत गुलाबी मसाला भरत असताना निफाडकडचे कारभारी आबा आपली कवळी घेऊन आले. बराच वेळ ते उभे राहून पाहत होते.

"मास्तर, खोक्याला हिरड्या बसवल्या का?"

"पाणी थांबवायचंय आबा."

"मग दात बी बसवा की. मांजर जवळ येनार नाय." त्यांनी आपली कवळी टेबलावर ठेवली. "ही ऊस खाताना तुटली. मागं तुम्ही सांधली तिथं नाय, बाजूला तुटली. ते खोकं काय पान्याला भिनार हाय?"

रविवारी सकाळी टाकी घरच्या टेबलावर भरलेली उभी होती. लताबाईंनी खालच्या वर्तमानपत्राखाली हात घालून पाहिला. कोरडं. त्यांनी टाकीवर नाक नेलं आणि झटकन मागे घेतलं.

"वास येतो."

"येणारच. नवी कवळी मी पाण्यात भिजवल्याशिवाय देत नाही, नाहीतर जीभ चुरचुरते. रोज पाणी बदलायचं, वास पुरता जाईपर्यंत. माणूस निदान थुंकून तरी टाकतो. माशाला कुठं थुंकता येतं?"

"म्हणजे तोवर ते टबातच?"

"तोवर टबातच."

तेवढ्यात दाराशी सहादू आला, हातात बादली घेऊन. लताबाईंनी टबाकडे पाहिलं, गुलाबी कोपऱ्यांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. स्वयंपाकघरातून त्यांनी अन्नावर झाकायची मोठी जाळी आणली, टबावर ठेवली आणि तिच्यावर वरवंटा.

"सहादूभाऊ, चहा घेऊन जा. बादली रिकामीच न्या."

पुढच्या रविवारी तिन्ही मासे टाकीत गेले.

टाकी ऐंशीचं दशक सरेपर्यंत टिकली. त्यात मासे दोनदा नवे आले. मध्ये एकदा मुंबईहून बिनरंगी पावडर आली तेव्हा कोपरे खरवडून पुन्हा भरू का, असं पगाऱ्यांनी विचारलं होतं.

"नको," लताबाई म्हणाल्या. "बऱ्या दिसतात हिरड्या. आत मासा जिभेसारखा हलतो."

मासे डावीकडे गेले, दोघांच्या माना डावीकडे गेल्या.

"आणि वरची कड गोल आहे ते बरं झालं," त्या पुढे म्हणाल्या. "खाणं टाकताना मनगट टेकलं तरी रुतत नाही."

मासे उजवीकडे वळले. पगाऱ्यांची मान या खेपेला त्यांच्याबरोबर गेली नाही. ते वरच्या कडेकडेच पाहत राहिले, आणि मग त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला.