पुसेगावजवळचा मी पुसलेला रस्ता

हिंगोली जिल्ह्यात कुणी मुद्दाम फिरायला जात नाही. मी गेले, कारण तिथे एका माणसाला माझ्यामुळे त्रास झाला होता आणि फोनवर माफी मागणं मला पटत नव्हतं.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी अकोल्यात एका शाळेत चित्रकला शिकवते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मला इंटरनेटवरच्या एका फुकटच्या नकाशाचा नाद लागला. जगभरातले लोक मिळून तो भरतात. उपग्रहाचं चित्र समोर ठेवायचं आणि त्यावरून रस्ते, ओढे, घरं काढायची. कुणीही काढू शकतं आणि कुणीही दुसऱ्याचं खोडू शकतं. एकदा फोनवर उतरवून घेतला की रेंज नसली तरी चालतो, म्हणून खेड्यापाड्यांतले गाडीवाले तो वापरतात. सेनगाव तालुक्याचा बराचसा भाग तेव्हा कोरा होता. शाळेतून आले की चहा घेत मी तो भरत बसायचे. पुसेगावच्या अलीकडून एका वस्तीपर्यंत जाणारी फिकट रेघ मला चित्रात दिसली आणि मी तिथे रस्ता काढला.

गेल्या श्रावणात त्या रस्त्यावर कुणीतरी टीप लिहिली: "हा रस्ता पावसात न्हाई. ओढ्याला पाणी असते. बाळंतपणाची बाई घ्यायला निघालो अन् अडकलो. लई तकलीफ झाली." मी वाचलं आणि त्याच मिनिटाला रस्ता पुसून टाकला. मग खाली विचारलं, बाई कशी आहे? आठ दिवस उत्तर आलं नाही. ते आठ दिवस मी वर्गात काय शिकवलं, मला आठवत नाही. नवव्या दिवशी उत्तर आलं, की आई आणि लेक दोघी बऱ्या आहेत. लिहिणारे होते किशनराव, सेनगावचे जीपवाले. पुढे फोनवर बोलणं झालं आणि जानेवारीत दोन सुट्ट्या जोडून मी निघाले.

अकोल्याहून हिंगोलीला वाशिमवरून रेल्वे जाते. गाड्या मोजक्याच आहेत, वेळ आधी बघून ठेवा. डब्यात शेजारी हिंगोलीच्या एका कार्यालयातले कारकून होते. माझ्या फोनवरचा नकाशा बघून त्यांनी चौकशी केली. कुणीही बदलू शकतं म्हटल्यावर त्यांना तो अजिबात रुचला नाही. उद्या कुणी आमच्या बांधावरून रस्ता काढला तर, असं त्यांचं म्हणणं होतं. मी म्हटलं, दुसरा कुणीतरी तो दुरुस्त करेल. ते म्हणाले, आणि तोवर?

हिंगोलीत स्टेशनबाहेर पडलं की मोंढ्याच्या बाजाराकडून येणाऱ्या हळदीच्या पोत्यांच्या गाड्या दिसतात. बसस्थानकाजवळ साध्या खोल्या मिळतात. मी एक घेतली, चादर स्वच्छ होती आणि गरम पाणी बादलीने मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने सेनगाव गाठलं. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवास अगदीच स्वस्त पडतो. रस्ता चांगला आहे, दोन्ही बाजूंना तुरी कापणीला आलेल्या, मधूनमधून हरभरा. मी सबंध वाट खिडकीतून आणि फोनमधून एकाच वेळी बघत होते. मी काढलेलं एक वळण रस्त्यावर जसंच्या तसं आलं तेव्हा फार आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

किशनराव स्टँडवरच उभे होते. पन्नाशीचे, पांढरी टोपी, बोलणं हळू. मी वाटेत माफीची वाक्यं जुळवली होती, ती त्यांनी पुरी होऊ दिली नाहीत. आधी नाश्ता करा म्हणाले. पोहे आणि तर्री खाताना त्या दिवसाची हकीकत त्यांनी सांगितली. वस्तीवरून आशाताईंचा, म्हणजे तिथल्या आशा सेविकेचा, फोन आला, तेव्हा ते सेनगावात होते. त्यांना ठाऊक असलेला रस्ता लांबचा होता. घाई होती, मोबाइलने जवळचा दाखवला, ते त्याने गेले. ओढ्याला छातीभर पाणी. गाडी वळवायला गेले तर काळ्या मातीत चाक रुतलं.

मी विचारलं, यानंतरही तुम्ही हाच नकाशा वापरता?

"व्हय. दुसऱ्या नकाशात चुकलं तर सांगावं कोणाला? इथं मी लिवलं अन् तुमी अकोल्याहून येऊन राहिल्या."

त्यांच्या जीपने आम्ही पुसेगावकडे निघालो. एरवी सेनगावहून या बाजूला जीप भरली की सुटते, वेळापत्रक नाही. डांबरी रस्ता सोडून गाडीवाटेला लागलो आणि थोड्या वेळात ओढा आला. त्यात तेव्हा दगडगोट्यांमधून चार बोटं पाणी वाहत होतं. आम्ही जीपमधूनच पार झालो. मी ज्या चित्रावरून रस्ता काढला ते उन्हाळ्यात टिपलेलं असणार, हे मला तिथे कळलं. ओढा कोरडा होता म्हणून मला तो दिसलाच नव्हता.

पलीकडच्या काठावर सिंधूताई, म्हणजे त्याच आशा सेविका, वाट बघत होत्या. पुढची हकीकत त्यांनी त्याच जागी उभं राहून सांगितली. किशनरावांनी पलीकडून फोन केला, तेव्हा पाणी थोड्या वेळात उतरेल या आशेवर त्यांनी कळा सुरू झालेल्या वर्षाला बैलगाडीत घालून काठापर्यंत आणलं. पाणी उतरलं नाही. परत वस्तीवर नेण्याइतका वेळ उरला नाही. मग चार बायकांनी लुगडी धरून आडोसा केला आणि तिथेच, बाभळीखाली, मुलगी झाली. ओढ्यापलीकडच्या आखाड्यावरच्या, म्हणजे शेतात राहणाऱ्या, लोकांनी बैल लावून जीप काढली, ती लांबच्या रस्त्याने वस्तीवर आली आणि मायलेकींना दवाखान्यात घेऊन गेली. हे सगळं त्यांनी रोजच्या कामाबद्दल सांगावं तसं सांगितलं. फक्त एकदा म्हणाल्या, की लेकरू रडलं नव्हतं लवकर.

इतके दिवस "बऱ्या आहेत" या दोन शब्दांवर मी निभावून नेलं होतं.

वर्षाच्या घरी भाकरी, उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणि ठेचा असं जेवण होतं. वर्षा बावीस-तेवीस वर्षांची असेल. पाच महिन्यांची मुलगी तिच्या मांडीवर होती. मी हात जोडले आणि सांगितलं, की तो रस्ता मी काढला होता, न बघता काढला होता, आणि आता पुसला आहे. तिने विचारलं,

"पुसला काहून?"

मी म्हटलं, चुकीचा होता म्हणून.

"चुकीचा कसा? माझं माहेर त्याच रस्त्यानं हाये. पाणी दोन-तीन महिने. बाकी सालभर आमी तिथूनच येऊन-जाऊन राहतो."

मग सिंधूताईही बोलल्या. नकाशातून रस्ता गेल्यापासून सामान पोचवणारे टेम्पो लांबून येतात, नाहीतर वस्तीला रस्ताच नाही म्हणून फाट्यावरच थांबतात. पुलासाठी अर्ज केला तेव्हा मोबाइलवरचा रस्ता दाखवू असं ठरलं होतं, तर उघडल्यावर तिथे काहीच नव्हतं. मला वाटलं होतं की पुसून मी चूक निस्तरली. प्रत्यक्षात घाबरून आणखी एक केली होती, आणि तीही न विचारता.

जेवण झाल्यावर आम्ही तिघांनी ओट्यावर बसून रस्ता परत काढला. किशनराव सांगत होते, मी काढत होते. ओढ्यापाशी मी लिहिलं, की पूल नाही, पावसाळ्यात वाहन नेऊ नये. लांबचा रस्ताही घातला. सिंधूताईंना मी त्यांच्या फोनवर सगळं शिकवलं. त्यांचा हात भराभर बसला. हातपंप, अंगणवाडी, दोन घरं. एक गोठा मी घर समजून काढला होता, तो त्यांनी बदलला. मग त्यांनी ओढ्याकाठच्या बाभळीवर बोट ठेवलं आणि इथे पोरीचं नाव लिहू का विचारलं. मी समजावलं, की इथे जे प्रत्यक्ष जागेवर दिसतं तेवढंच लिहायचं असतं.

"आमाला दिसते ना," त्या म्हणाल्या.

पण लिहिलं नाही. फक्त बाभळीचं झाड टाकलं.

संध्याकाळी किशनरावांनी हिंगोलीला सोडलं आणि भाडं घेतलं नाही. सकाळच्या गाडीने मी घरी आले.

तुम्ही जाणार असाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी जा, पाण्याची बाटली ठेवा, नकाशा उतरवून घ्या, आणि तरीही ओढा आला की उतरून माणसांना विचारा. त्या कारकुनांच्या प्रश्नाला माझ्याजवळ अजून नीटसं उत्तर नाही. दुरुस्त होईपर्यंतच्या वेळात कुणीतरी काठावर अडकलेलं असू शकतं. तरी मी नकाशा सोडलेला नाही. आता कमी काढते, आणि ज्या गावात ओळखीचं कुणी नाही तिथे आधी विचारायला माणूस शोधते.

पुलाचा अर्ज अजून पुढे सरकलेला नाही. यंदा तिकडे पाऊस लागला तेव्हा मी सिंधूताईंना फोन केला. ओढ्याला पाणी किती आहे ते त्यांनी सांगितलं, आणि मग न विचारता सांगितलं, की पोरगी भिंतीला धरून उभी राहून राहिली.