वखारीतली मोटर बंद झाली तेव्हा

बाबांना कमी ऐकू येतं हे आमच्या घरात आईला सगळ्यांत उशिरा कळलं, कारण तिला वाटायचं ते तिच्यावर रागावलेत. शेजारच्या काकांनी अंगणातून हाक मारली की बाबा लगेच ओ देत. आईने चुलीपासून विचारलं, "अवं, भाकर घेताय ना?" तर उत्तर नाही. "गावाशी बोलायला तोंड हाय, माझ्याशी नाय," म्हणत ती भांडी आपटायची. जाडा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचतो, बायकांचा पोहोचत नाही, एवढं मला उमगलं होतं. मी त्यांच्याशी आवाज खाली ओढून बोलायचे. असं का, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

कारण वखारीत होतं. साठच्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने उभे राहू लागले आणि त्यांना लागणारी लाकडी खोकी ऐरोलीजवळच्या एका वखारीत बनू लागली. ओंडके चिरणारी गोल करवत, फळ्या तासणारं रंधा मशीन आणि भोकं पाडायचं ड्रिल, सगळं एकाच पत्र्याच्या छपराखाली. बाबा पहिल्यापासून करवतीवर; तिच्या कर्कश आवाजाने त्यांचे कान मंदावत गेले. ते लाकूड पुढे रेटत, पलीकडून माझा मामा ओढून घेई. लाकडात गाठ आली की पातं अडतं आणि करवतीचा बारीक, चिरका आवाज बसतो. तेव्हाच रेटा थांबवावा लागतो, नाहीतर लाकूड उलटं अंगावर येतं किंवा हात पात्यावर जातो. बाबांना त्या चिरक्या आवाजातला हा फरक ऐकू येईनासा झाला होता. मामाला येई. तो लाकडाला झटका देई आणि बाबा थांबत. मशिनं चालू असताना तिथे कुणालाच कुणाचं ऐकू येत नसे, त्यामुळे ही गोष्ट त्या दोघांतच राहिली.

मग मामाला कारखान्यात कायमची नोकरी लागली. पेढे घेऊन आला आणि आईला बाजूला नेऊन त्याने सगळं सांगितलं.

"बाय, सोमवारपासून माझ्या जागी दुसरा गडी. त्याला झटक्याचं काय म्हाईत नाय."

"मंग सांग ना त्याला."

"भावजींनी शपथ घातलीय. शेठला कळलं तर मशीनवरनं काढील, म्हनतात."

आई तडक बाबांसमोर जाऊन उभी राहिली. "तुमी सांगा शेठला. नायतर मी सांगते!"

"वखारीत पाय ठेवून तर बघ," बाबा म्हणाले. हे त्यांना नीट ऐकू आलं, कारण ती ओरडत होती. मामा ओटीवरून म्हणाला, "हळू गो बाय, गाव आयकतंय."

सोमवारी आई मला घेऊन वखारीत गेली. ती शेठच्या टेबलापाशी उभी राहून बोलू लागली. शेठ कानाला हात लावून "काय? काय?" करत होते. तिने आवाज चढवला, मग आणखी चढवला. नेमकी तेव्हाच जेवणाच्या सुट्टीसाठी सगळी मशिनं फिरवणारी मोटर बंद झाली. तिचा पट्टा फटफटत थांबला आणि शांत झालेल्या छपराखाली आईचा आवाज एकटाच उरला.

"त्यांना आयकू येत नाय! हात जाईल त्यांचा!"

सगळे बाबांकडे वळले. बाबा पार पलीकडच्या टोकाला पाठमोरे, सदऱ्यावरचा भुसा झटकत होते. त्यांना एकट्यांनाच काही कळलं नव्हतं.

"तरीच!" रंध्यावरचा माणूस म्हणाला. "शिट्टी मारली तर बघत नव्हता. आमी म्हनायचो, मिजास वाढली."

बाबा वळले. त्यांनी एकेकाचा चेहरा पाहिला, सर्वांत शेवटी आईचा.

शेठने त्यांना कामावरून काढलं नाही, पण करवतीवर परत उभं केलं नाही. कोपऱ्यात एक स्टूल आणि कानस दिली. पात्यांना धार लावायचं काम. पगार कमी झाला. आईने दूध बंद केलं.

त्या सोमवारी संध्याकाळी वाढताना ती बाबांजवळ वाकली आणि माझ्यासारखाच आवाज खाली ओढून, घोगरा करून म्हणाली, "भात वाढू?"

बाबांनी वर पाहिलं. त्यांना ऐकू आलं होतं. मी समोरच बसले होते, मला दिसलं. त्यांनी ताटावर हात आडवा धरला. आई भाताचा डाव तसाच धरून त्या हाताकडे बघत राहिली. पाचही बोटं जागच्या जागी होती.