स्तंभाभोवतीची मोकळी जागा

अलिप्त माणूस म्हणजे कोरडा माणूस, असे आपण उगाच धरून चालतो. वस्तुतः ज्याला दूरचे क्षीण स्पंदन ऐकायचे असते, त्याला निकटच्या कोलाहलापासून थोडे अंतर राखावेच लागते. आणि ते निष्ठेने राखायला अंतःकरणात पुष्कळ ओलावा लागतो. सदानंद केळुसकर यांच्या ठायी हे दोन्ही नांदत होते.

सदानंदराव शारजात अल मजाज भागात राहत. उपकरण-केंद्रे बांधणे हे त्यांचे काम. पृथ्वीच्या पोटात कुठेही अणुस्फोटाची चाचणी झाली, तर तिचा हादरा खडकाखडकांतून हजारो मैल प्रवास करतो. तो टिपणारे यंत्र ज्या खोलीत बसते, ती खोली सदानंदराव उभारीत. मूळ खडकावरून काँक्रीटचा एक स्तंभ वर आणायचा, त्यावर यंत्र ठेवायचे, आणि खोलीच्या फरशीचा त्या स्तंभाला कुठेही स्पर्श होऊ द्यायचा नाही. सभोवार दोन बोटे जागा मोकळी सोडायची. हा त्या वास्तूचा प्राण. एरवी एसीची घरघर आणि माणसांची पावले यंत्राच्या कानी पडतात व दूरचा हादरा त्यांत बुडून जातो.

रास अल खैमाच्या डोंगरातले केंद्र हे निवृत्तीपूर्वीचे त्यांचे अखेरचे. तोवर त्यांनी एकही केंद्र उशिरा सोपवले नव्हते, आणि याचा त्यांना रास्त अभिमान होता. तपासणी तोंडावर आली असता त्यांनी यंत्र लावून पाहिले. एसी सुरू होताच पडद्यावरची बारीक रेघ केसाळ सुरवंटासारखी फुगली. सदानंदराव गुडघ्यांवर बसले. स्तंभाभोवतीची फट सिमेंटने भरलेली होती. तीही इतकी सफाईने, की सांधा शोधावा लागावा.

ती भरली होती गणूने. राजापूरकडचा हा गवंडी उम्म अल कुवैनच्या कामगार-कॅम्पात राहत असे, आणि त्याच्या हाताला तोड नव्हती.

“पोरं इसरली वाटलं, सायेब,” गणू म्हणाला. “उघडी फट ठेवून कोण काम सोडतं? इंचू शिरला असता आत!”

ठेकेदाराचा सुपरवायझर सुदेश कपाळाला हात लावून उभा होता. “सर, एक आयडिया आहे. इन्स्पेक्शनपुरता एसी बंद ठेवू. रेघ एकदम सरळ दिसेल. खलास!”

“तपासणीपुरतं गप्प बसणं माणसांना जमतं, सुदेश. या खोलीला रोज गप्प बसायचंय.”

“मग फोडावं लागेल. डिले होणार. ठेकेदारसाहेब विचारतील कुणी भरलं, आणि आपला गणू पुढच्या फ्लाइटनं घरी. बोला, काय करू?”

गणू मान खाली घालून थापी पुसू लागला. पुसून झालेली थापी तो पुन्हा पुसत होता.

सदानंदरावांनी तिथूनच ठेकेदाराला फोन लावला. “केंद्र उशिरा मिळेल. फट मोकळी ठेवायला सांगितली, पण ती कशासाठी, हे माझ्या माणसांना मी समजावलं नाही. चूक माझी आहे. माझ्याच नावावर लिहा.” फोन ठेवून ते गणूकडे वळले. “यल्ला, चल, छिन्नी आण.”

ड्रिल-यंत्राने फोडावे तर स्तंभालाच तडा जाण्याचे भय. म्हणून दोघे समोरासमोर बसून हाताने फोडू लागले.

“सायेब, छिन्नी पेनासारखी धरू नका. तिनं काय सही करायचीय?”

“तूच इतकं पक्कं भरलंयस, की जामिनाची सही करूनच सोडवावं लागेल.”

स्तंभ पुन्हा एकाकी झाला, तेव्हा एसी सुरू केला. रेघ बारीकच राहिली. गणू बराच वेळ पाहत राहिला. “म्हंजे एवढं सगळं बांधून खरं काम ही फटच?”

“हीच.”

“गावात सांगितलं तर हसतील! दुबईला जाऊन गणू भोक बांधून आला म्हणतील.”

“हसू देत. असं भोक बांधणारे जगात थोडेच आहेत.”

केंद्र उशिरा सोपवले गेले. सदानंदरावांच्या निष्कलंक कारकिर्दीवर तेवढा एक डाग राहिला, आणि तो त्यांनी अलंकारासारखा मिरवला. निरोप समारंभात सुदेशने त्यावरून टोमणा मारला, तेव्हा सर्वांत मोठ्याने तेच हसले. गणूची नोकरी टिकली. त्या केंद्राने अजून एकही अणुचाचणी नोंदलेली नाही. सदानंदराव म्हणत, “काही घडलं नाही, हे सांगणाराही खरा असावा लागतो.”

गेल्या हिवाळ्यात ते शारजातच निवर्तले. गणू आता नव्या गवंड्यांना फट कशासाठी असते ते आधी सांगतो, मग हाती थापी देतो. डोंगरातली ती खोली आहे, खोलीत स्तंभ आहे, आणि स्तंभाभोवती दोन बोटे जागा मोकळी आहे.