मोठी अक्षरं

"बठ्ठं बराबर शे, भाऊ." मॉनिटरच्या कडेवर दोन बोटांनी टकटक करायची, मान थोडी मागे न्यायची आणि हे म्हणायचं, ही नानांची रीत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. छप्पर उडालं तरी त्याचं सगळं बरोबरच असतं.

धुळ्यात माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. कुणाच्या मेहेरबानीवर नाही, स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं. नाना सोनगीरहून एसटीने यायचे आणि मजकूर जुळवायचे. कॉम्प्युटर दोन, एक नानांचा, एक छपाई मशीनचा. मोठा मॉनिटर मात्र एकच, कारण दोन घ्यायला मी खुळा नव्हतो. मध्ये स्विचची एक डबी बसवली होती. बटण दाबलं की मॉनिटर या कॉम्प्युटरला, पुन्हा दाबलं की त्याला. ती डबी मी जळगावहून भरपूर घासाघीस करून आणली होती.

पुढे नानांच्या कॉम्प्युटरवर चित्र बिघडू लागलं. अक्षरं भलीमोठी, कडा फाटलेल्या, गणपती आडवा पसरलेला. मशीनच्या कॉम्प्युटरवर तोच मॉनिटर लख्ख. मी केबल बदलली. रिझोल्यूशन वाढवायला गेलो, तर मोठा आकडा निवडायलाच मिळेना. डबी काढून थेट जोडलं आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, की चित्र स्वच्छ.

"नाना, हे असलं चालतं कसं तुम्हाला? नवरीच्या बापाचं नाव पडद्यात मावत नाही!"

"मोठा माणूस शे तो, भाऊ. कसा मावेल?"

मी हसलो नाही. जळगावला जाऊन त्या दुकानदाराशी भांडलो, डबी बदलून आणली. चार दिवस गेले नाहीत तोच पुन्हा तेच.

एका सकाळी मी जरा लवकर पोचलो. नाना आत होते, पाठ माझ्याकडे. त्यांनी बटण दाबून मॉनिटर मशीनच्या कॉम्प्युटरकडे लावला आणि मग आपला सुरू केला. तो पुरता सुरू होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसले. मग मॉनिटर आपल्याकडे घेतला. सुरू होताना समोर मॉनिटरच सापडला नाही, की कॉम्प्युटर अंदाजाने लहान रिझोल्यूशन धरतो. अक्षरं मोठी होतात. डबीत खोट नव्हतीच.

"नाना!"

ते दचकून वळले. "बारीक दिसत नाही आता," एवढंच म्हणाले.

"तुमच्यापायी त्या जळगाववाल्याला मी चोर म्हणालो! तोंडाने सांगता येत नव्हतं?"

नानांनी जेवणाचा डबा पिशवीत घातला आणि निघाले. त्यानंतर आले नाहीत.

काही दिवस वाट पाहून मी सोनगीरला गेलो. नाना ओट्यावर बसले होते.

"अक्षरं मोठी करायची दुसरी सोय असते कॉम्प्युटरमध्ये," मी म्हणालो. "मी लावून देतो. चला."

"दुकानात कागद कापणाऱ्या आबांचा हात थरथरला, तर तुम्ही त्यांना लगेच घरी बसवलं."

"बोटं गेली असती त्यांची!"

"हां. मी कुठे नाही म्हणतो? पण मग मी कसं सांगणार होतो, भाऊ?"

"आता सांगितलंत ना? चला."

"आता काय कामाचं? साखरेनं डोळे खाल्ले. मोठीबी दिसत नाहीत."

इतकी वर्षं एका छपराखाली काढली, आणि माझा भरवसा या माणसाला वाटला नाही. त्यांच्या डोळ्यांचं वाईट वाटतं. पण हा राग माझा अजून गेलेला नाही, जायचाही नाही.

"येतो," म्हणालो आणि ओट्याखाली वाकून बूट घालू लागलो. नाडीची गाठ सुटेना. वर पाहिलं, तर नाना उठून उभे राहिले होते आणि रिकाम्या रस्त्याकडे बघत हात हलवत होते.