पारड्यावरचा अंगठा

देवावर माझा विश्वास होता, पण दुकानदाराचा असतो तसा. मी रोज तळ्यातल्या सिद्धेश्वराला हात जोडायचे आणि त्यानं माझं घर-दुकान सांभाळायचं, असा आमचा करार. त्यात जरा इकडचं तिकडं झालं की मी तणतणत परत यायचो. आता वय झालं. ते दिवस आठवले की हसू येतं आणि डोळेही भरतात. पण लेक आजारी पडली त्या उन्हाळ्यात मी देवाशी बोलणंच सोडलं होतं.

भवानी पेठेत आमचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागंच दोन खोल्यांचं घर. गिरणीचा सकाळचा भोंगा झाला की मी फळ्या काढायचो. तो भोंगा, गुळाच्या ढेपांचा वास, शेजारच्या मागाची खटखट, सगळं अजून कानानाकात आहे. एकुलती एक लेक पारू, आठ वर्षांची. तिला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवसांनी उतरला, पण पोर अंथरुणाला खिळली ती खिळलीच. डॉक्टर म्हणाले, "औषधाचं काम संपलं. आता पोटात अन्न गेलं पाहिजे, नाहीतर अवघड आहे." आणि पारू तर तोंड उघडेना.

त्याला कारण गुंडप्पा. दवाखान्यातल्या मडमबाईनं आदल्या वर्षी तिला दिलेला गिनीपिग. शेपूट नाही, तांबडा-पांढरा, लोडासारखा गोल. पेठेतली माणसं त्याला विलायती उंदीर म्हणायची आणि पारू त्यांच्याशी कडाकडा भांडायची. तिच्या आजारपणात त्याच्याकडं कोण बघणार? येता-जाता मी मूठभर हरभऱ्याची डाळ आणि वाळका कडबा टाकायचो. मरगळलेला दिसला, तेव्हा तर उरलंसुरलं हिरवंही बंद केलं. आमच्या घरात आजाऱ्याला पालेभाजी वर्ज्य, बाधते म्हणून. तोच नियम मी त्या मुक्या जिवाला लावला आणि वर शहाणा समजत राहिलो. पक्का शेरभर भरणारा गुंडप्पा हाताच्या अंदाजानं तीन पावशेरावर आला. पारूनं त्याला मांडीवर घेतलं, त्याच्या बरगड्या चाचपल्या आणि हट्टच धरला. "याचं वजन वाढलं तरच मी जेवीन, अप्पा."

तराजू म्हणजे दुकानाची लक्ष्मी, त्यात जिवंत प्राणी घालत नाहीत. बायको कळवळली, "अहो, आजाऱ्याला जोखू नये, दृष्ट लागते." पण पोरीपुढं माझं काय चालणार! मधलं दार उघडं ठेवलं, म्हणजे अंथरुणावरून तिला दिसेल. दिवसाचं पहिलं माप मोजताना आम्ही 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. तसं 'लाभ' म्हणून मी गुंडप्पाला पारड्यात ठेवला. भरला तीन पावशेराहूनही छटाकभर कमी. पारूनं पेजेची वाटी बाजूला सारली आणि भिंतीकडं तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी माझा अंगठा पारड्याच्या काठावर टेकला. खरं सांगतो, त्या अंगठ्याला सराव होता. गिऱ्हाईक दुसरीकडं बघत असलं की तो आपोआप टेकायचा. "वाढलं की गं!" मी ओरडलो. पोर हसली, वाटीभर पेज प्याली. मला वाटलं, जिंकलो.

चार-पाच दिवस असे गेले. रोज अंगठ्याला जोर जास्त लागायचा, कारण गुंडप्पा रोज हलका होत होता. हातात घेतला की नुसती हाडं लागायची. हा गेला तर पारू अन्न सोडणार, आणि मग माझ्याच खोटेपणानं ती जाणार! धड खरं सांगता येईना, धड खोटं निभेना. सोमवारी सकाळी देवळात गेलो. या वेळी काही मागितलं नाही, भांडलो नाही. नुसतं म्हणालो, "मला काही जमत नाही रे देवा. तूच बघ आता." आणि गुपचूप घरी आलो.

फळ्या काढल्या, तर एक म्हातारा धनगर समोर उभा. खांद्यावर घोंगडी, काखेत कोकरू. त्याला मेंढरांसाठी खडेमीठ हवं होतं. आतून पारूची हाक आली, म्हणून आधी गुंडप्पाला पारड्यात ठेवला आणि सवयीनं अंगठा टेकवला.

"अंगटा काडा, मालक," धनगर हळूच म्हणाला.

चोर पकडला गेला होता. मी अंगठा काढला. पारडं वर उडालं. आत पारूनं ते पाहिलं.

धनगरानं माझ्याकडं परत पाहिलंसुद्धा नाही. गुंडप्पाला उचलून त्याचं तोंड उघडलं. "डाळ घालताय व्हय? चरणारा जीव हाय की ह्यो! हिरवं न्हाय म्हून वाळलाय." घोंगडीच्या खोळीतून त्यानं मूठभर ओली हरळी काढली. तळ्याकाठी कोकरासाठी खुडलेली. बोटांनी चुरून तिचा रस ओठांच्या कडेनं आत सोडला. गुंडप्पाचा जबडा हलला! "दिसातनं धा येळा, थोडं थोडं. आन् रोज जोकू नगा. जोकून कुनाचं वजन वाडत न्हाय."

मी मीठ बांधायला वळलो. पुडी बांधून बघतो, तर समोर कुणी नाही; पारड्यात गुंडप्पा आणि उरलेली हरळी तेवढी.

दोन्ही उचलून आत गेलो. पारू रडत होती. "खोटं जोखलंत, अप्पा?" मी "हो" म्हणालो. पोरीसमोर इतका लहान मी कधी झालो नव्हतो. ती भिंतीला धरून स्वतःच उठून बसली, महिन्याभरात पहिल्यांदा. माझ्या हातातली हरळी हिसकावून घेतली. माझ्याशी दोन दिवस बोलली नाही, पण गुंडप्पाला भरवत राहिली. तिची आई मोठी हुशार, तिनं शेजारी पेजेची वाटी आणून ठेवली. एक घास त्याला, एक घास हिला.

मी रोज सकाळी तळ्याकाठची हरळी खुडून आणायचो. एवढंच माझं काम. जोखायचं ते आता फक्त सोमवारी. पहिल्या सोमवारी वजन होतं तेवढंच भरलं. पारू म्हणाली, "असू दे," आणि जेवली. दुसऱ्या सोमवारी थोडं वाढलं. तिसऱ्या सोमवारी ती स्वतःच्या पायांनी दुकानात आली, तराजू धरला आणि म्हणाली, "अप्पा, हात मागं." मी हात मागं घेतले. पारडं आपलं आपण खाली गेलं. मागं घेतलेले हात कधी जोडले गेले, कळलंच नाही. त्या दिवशी गुंडप्पाच्या वजनाचा गूळ देवापुढं ठेवून गल्लीत वाटला.

तो धनगर कोण, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. मिठाची ती पुडी पावसाळ्यात विरघळेपर्यंत फळीवर तशीच ठेवली होती. घास भरवणं माझ्या हाती आहे, पारडं खाली जाणं नाही, हे शिकायला मला इतका वेळ लागला. त्यानंतर माझा अंगठा कुठल्याच गिऱ्हाइकाच्या पारड्याला लागला नाही.

पारू आता अक्कलकोटकडं नांदते, तिची लेकरं मोठी झाली. माहेरी आली की दुकानात डोकावते आणि भर गिऱ्हाइकांत मला दरडावते, "अप्पा, हात मागं!" गिऱ्हाइकं हसतात. मी मुकाट्यानं हात मागं घेतो.