आठांतला एकटा

एम.एस्सी.च्या शेवटच्या सत्रात मी निकेलचं एक संयुग बनवलं. विटकरी लाल पूड. महिनाभराच्या खटपटीतून जेमतेम दोन चमचे निघाली. त्यातल्या निकेलचे इलेक्ट्रॉन कसे बसलेत, हे शोधणं हा माझा प्रकल्प. इलेक्ट्रॉन काही दिसत नाहीत. पदार्थाचा रंग पाहायचा, तो चुंबकापाशी कसा वागतो ते पाहायचं आणि त्यावरून ओळखायचं. इथं हिशेबात धरायचे आठच. लाल रंग सांगत होता की आठही जोडीनं बसलेत. तसं असेल तर चुंबक पुडीला ओढणार नाही, उलट किंचित दूर लोटेल.

ते मोजायचं यंत्र आमच्या कॉलेजात नव्हतं. माझ्या प्रकल्पाच्या सरांनी अमरावतीच्या एका प्रयोगशाळेत एक दिवस मिळवून दिला. आमच्या गावाहून, धनजहून, पहिल्या एस.टी.नं गेले. तिथल्या संशोधक ताईंनी पूड काचेच्या नळीत भरली, नळी तराजूला टांगून मोठ्या चुंबकाच्या मधोमध सोडली आणि करंट सुरू केला. वजन वाढलं.

"ताई, ओढून राह्यलं का हे?"

"हो. चांगलंच."

गणित केलं तर उत्तर आलं एक पूर्णांक आठ दशांश; या मापात एका इलेक्ट्रॉनचं उत्तर एक पूर्णांक सात दशांशाच्या आसपास येतं. म्हणजे साधारण एक इलेक्ट्रॉन बिनजोडीचा. पण आठांत एकटा उरतोच कसा? उरले तर दोन, नाहीतर एकही नाही. परतीच्या एस.टी.त मी तेच गणित पाच वेळा केलं.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "शून्य लिहून टाक. असं लाल निकेल म्हणजे शून्यच असते."

"पण सर, तसं आलं नाही ना."

"मंग मी सही कायले करू?"

प्रकल्प द्यायला चार दिवस उरले होते. आदलं एक वर्ष टायफॉइडनं खाल्लं होतं. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेली मीच पहिली. पोरगी आता एम.एस्सी. होते म्हणून बाबांनी सगळ्या वस्तीत सांगून ठेवलेलं. त्या रात्री ताट पुढ्यात ठेवून रडत बसले.

"काहून रडून राह्यली व?" मायनं विचारलं.

"माय, एक इलेक्ट्रॉन उरून राह्यला."

तिनं जरा विचार केला. "मंग घे ना त्याले कुठंतरी सामावून."

मी पेन्सिलनं शून्य लिहिलं आणि खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. कागद फाटला.

सकाळी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आपण करंट कमी-जास्त करून दोनदा मोजलं होतं. दोन्हींचं उत्तर सारखं येतं का?"

मी तपासलं. येत नव्हतं.

"शुद्ध पदार्थाचं उत्तर चुंबकाचा जोर बदलला तरी बदलत नाही. म्हणजे त्यात लोखंड मिसळलंय. तू खललं कशात?"

आमच्या लॅबमधला चिनीमातीचा खल फुटलेला होता. दगडाचे नमुने कुटायचा लोखंडी खलबत्ता कोपऱ्यात पडून असायचा, तो मी घासूनपुसून घेतला होता. उरलेल्या चिमूटभर पुडीवरून कागदात गुंडाळलेलं चुंबक फिरवलं. कागदाला काळे कण चिकटले. कारण कळलं, पण शुद्ध पूड उरली नव्हती, नव्यानं करायला रसायन नव्हतं, आणि आता दिवस तीनच.

सर म्हणाले, "कारण सापडलं ना? मंग आता शून्य लिहायले काय हरकत हाये?"

खरं उत्तर बहुतेक शून्यच होतं. फक्त ते मी पाहिलं नव्हतं. मी लिहिलं नाही, सरांनी सही केली नाही.

माझ्यासोबतच्यांची तोंडी परीक्षा झाली तेव्हा मी जिन्यात बसून होते. मी बावळट आहे असं एकीनं दुसरीला सांगितलेलं मला स्पष्ट ऐकू आलं, आणि मलाही तसंच वाटत होतं. कोणी विचारलं की बाबा एवढंच म्हणत, "अजून सहा महिने लागतात."

त्या सहा महिन्यांत मी वस्तीतल्या बायकांच्या घोळक्यातून मान खाली घालून जायची. एका शाळेत विज्ञान शिकवायला माणूस हवा होता. एम.एस्सी.ची पदवी हातात नव्हती म्हणून अर्जही करता आला नाही. कित्येकदा वाटलं, तो एक आकडा लिहिला असता तर कोणाचं काय बिघडलं असतं?

पुढच्या सत्रात संयुग नव्यानं बनवलं, मागून आणलेल्या चिनीमातीच्या खलात पूड केली आणि पुन्हा अमरावती गाठली. ताईंनी करंट सुरू केला. वजन किंचित घटलं.

"आलं बघ," त्या म्हणाल्या.

मी वहीत आकडा लिहिला: शून्य. आनंद होईल म्हणून थोडा वेळ थांबले. झाला नाही. परतीच्या एस.टी.त खिडकीला डोकं टेकून झोपले ती कंडक्टरनं धनजला हलवून उठवलं तेव्हाच जागी झाले.