डब्यानं बोलू नाई

कार्यालयात कागद दोनच प्रकारचे असतात, आवक आणि जावक, असं मला नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगण्यात आलं होतं. किश्शांची नोंद मात्र कुठल्याच रजिस्टरात होत नाही, आणि तरीही सगळ्यांत मोठा साठा त्यांचाच होतो. कुणी मुद्दाम साठवत नाही. एक सांगायला घ्यावा तर दुसरा आधीच दारात उभा!

सिंदेवाहीत, भाड्याच्या तीन खोल्यांत, आमचा तलावांवरच्या पक्ष्यांचा छोटासा प्रकल्प चालत असे. दोन हजार सालाच्या आगेमागेची गोष्ट. मी नागपूरहून प्राणिशास्त्राची पदवी घेऊन आलेली, मोजल्याशिवाय काही मानायचं नाही अशा शिकवणीतली. विनायक संगणक सांभाळत असे. आणि तलावावर आम्हाला वाट दाखवायला होते डोमाजीभाऊ, पिढीजात मासे धरणारे, साठीच्या पुढचे. गवतात काय बोललं हे मान वर न करता सांगायचे, आणि ते बरोबर निघायचं.

आम्ही तीस आवाज टेपवर घेऊन संगणकात भरले होते. त्यांतला चौदावा मला कुठल्याच पुस्तकात सापडेना. दोन आखूड हुंकार, मग एक लांब, शेवटी वर चढत जाणारा. पौषातल्या पहाटे बांधावर माइक धरून बसला होता विनायक.

"आसपास माणूस होता का?" मी विचारलं.

"मॅडम, धुकं इतकं होतं की मलाच मी दिसत नव्हतो!"

मी तो आवाज नागपूरला पाठवला. तिथले आमचे प्रमुख शहाणे, पण पत्र लिहिताना निष्ठुर. उत्तर आलं: "अहवालात स्थानिक जाणकार म्हणून ज्याचं नाव जाईल, त्याला पुढली दोन वर्षं काम मिळेल. मात्र चौदावा आवाज ज्याला सांगता येत नाही, त्याला जाणकार म्हणता येणार नाही."

अहवाल होळीपर्यंत द्यायचा होता. मी डोमाजीभाऊंना संगणकासमोर बसवलं. संगणकासोबत फुकट मिळालेले मुठीएवढे प्लास्टिकचे स्पीकर होते. तीसपैकी त्यांनी सहा ओळखले. चौदाव्याला ते म्हणाले, "बंडीचं चाक कुरकुरून राह्यलं काय जी?"

मी वहीत लिहिलं: सहा. मग पेन ठेवलं. तलावावर ज्यांचं कधी चुकलं नाही, ते इथे चोवीसदा चुकले होते. चूक कानांची की डब्यांची, हे ठरवल्याशिवाय मला पुढे जाता येईना. म्हणून स्पीकर घ्यायचे ठरले. चांगले आणि स्वस्त. हे दोन शब्द एका वाक्यात लिहायला सोपे असतात.

* * *

चंद्रपूरच्या दुकानात पहिला धडा मिळाला. दुकानदाराने चंदेरी रंगाची एक जोडी पुढे केली. खोक्यावर ठळक अक्षरांत: बाराशे वॅट!

मी अडॅप्टर उलटा करून पाहिला. त्यावरचे आकडे गुणले तर उत्तर नऊ वॅटच्या पुढे जाईना.

"भाऊ, माझ्या घरची इस्त्री साडेसातशे वॅटची आहे. ती लावली की दिवा मंद होतो. हे स्पीकर दीड इस्त्रीच्या वरचे, आणि वायर मात्र शिवणाच्या दोऱ्याएवढी?"

तो क्षणभरही अडखळला नाही.

"मॅडम, इस्त्री गाते का?"

मी अडॅप्टर खोक्यात परत ठेवला.

* * *

विनायकाने मग देवरावभाऊंना बोलावलं. झाडीपट्टीच्या नाटकांना ते माइक-भोंगे पुरवत. तीन-चार हजार माणसांपर्यंत संवाद पोचवायची सवय असलेला माणूस. आमची खोली बारा बाय दहा.

त्यांनी सायकलच्या मागे बांधून एक उभा खांबासारखा स्पीकर आणला. मी म्हटलं, "मला पक्ष्यांचा आवाज ऐकायचा आहे."

"कोणाचा बी आयका. छातीत धक्का लागला पायजे!"

त्यांनी टिटवी लावली. छपराचे कवेलू थरथरले, टेबलावरचा ग्लास चालत कडेला गेला, आणि छपरातून एक पाल थेट माझ्या वहीवर पडली.

देवरावभाऊंनी तिच्याकडे बोट दाखवलं. "पाहा! आवाज भरीव हाये म्हणूनच तं पडली! फुसका राह्यला असता तं वरतूनच आयकत बसली असती."

पालीने आपलं मत दिलं होतं. माझी वही मात्र दोन दिवस मी चिमट्याने उघडत होते.

* * *

मग मी परीक्षा घ्यायची ठरवली. पद्धतशीर. कोणता स्पीकर वाजतो आहे हे ऐकणाऱ्याला दिसता कामा नये. डोळा कानाला फितवतो, एवढं शास्त्र मला येत होतं. उसन्या आणलेल्या तीन जोड्या टेबलावर मांडल्या, आणि पुढे पडदा हवा म्हणून शेजारच्या काकूंकडून अंतरपाट मागून आणला. कुंकवाच्या स्वस्तिकासकट!

"मंगलाष्टकं मी म्हणू काय?" देवरावभाऊ म्हणाले.

अंतरपाटामागे विनायक जोडी बदलायचं बटण फिरवणार. पलीकडे आम्ही चौघं: देवरावभाऊ, आमचे लेखनिक पांडुरंगजी, डोमाजीभाऊ आणि मी. एकाच अडई बदकाचा आवाज तीनदा ऐकायचा, आणि अ, ब, क यांना गुण द्यायचे.

देवरावभाऊंनी 'क'ला पहिला नंबर दिला. त्यात दम आहे म्हणाले. पांडुरंगजींनी 'अ'ला, तो सभ्य वाटला. मी 'ब'पुढे लिहिलं: "मधला भाग अधिक स्वच्छ, शेवट किंचित कोरडा."

डोमाजीभाऊंनी कुणालाच गुण दिले नाहीत. मी विचारलं, तर म्हणाले, "येकच तं हाये, बाई. तीनदा काऊन आयकवून राह्यले?"

"नीट ऐका, भाऊ. फरक आहे."

"तुमाले असन. मले नाई."

त्यांच्या नावापुढे मी लिहिलं: "फरक कळला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी विनायक बटण हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. आतली पट्टी तुटलेली होती. बटण फिरत होतं, पण तिन्ही वेळा वाजली होती एकच जोडी!

मी वही उघडली. "शेवट किंचित कोरडा" हे शब्द माझ्याच अक्षरात, चांगल्या वळणदार अक्षरात होते. ते खोडले नाहीत. विद्यापीठाने मला जे दिलं त्यात न खोडण्याची शिस्तही होती. फक्त ती स्वतःवर चालवायची पाळी तोवर आली नव्हती. चौघांतला एकच माणूस बरोबर होता, आणि नापास मी त्यालाच केलं होतं.

* * *

गडचांदूरच्या एका कॉलनीतले साहेब बदलून चालले होते आणि सामान विकत होते, असं कळलं. त्यांच्याकडे पुस्तकांच्या फळीवर बसतील अशा आकाराच्या स्पीकरच्या दोन जोड्या होत्या. एक काळी चकचकीत, पुढे निळा दिवा. दुसरी साध्या लाकडाची, कोपरे घासलेले, सोबत जुना अॅम्प्लिफायर. या खेपेला मी डोमाजीभाऊंना सोबत नेलं होतं. का, ते त्यांना सांगितलं नाही.

मी प्लग शोधत होते. तेवढ्यात त्यांनी चकचकीत डबा मांडीवर घेतला आणि बोटाच्या पेराने ठोकला, लाकडी होडी, नवा डोंगा, घेताना ठोकतात तसा. कान लावला. खाली ठेवला. मग लाकडी उचलला. वजनाने हात थोडा खाली गेला. ठोकला.

"हा पायजे."

"अजून वाजवलाच नाही, भाऊ!"

"तो ठोकला तं डबाच बोलते. हा मुका हाये." आणि मग मला समजावं म्हणून सावकाश म्हणाले, "बाई, बोलायचं तं पाखरानं बोलावं. डब्यानं बोलू नाई."

पेटीने स्वतः कंप पावू नये, यावर मी आदल्या आठवड्यात इंग्रजीतली सहा पानं वाचून टिपणं काढली होती. ती पर्समध्येच राहू दिली.

परतताना बसमध्ये मांडीवर एकेक डबा घेऊन आम्ही बसलो होतो. कंडक्टरने विचारलं, "भाऊ, यात काय हाये?"

"काई नाई," डोमाजीभाऊ अभिमानाने म्हणाले. "काईच नाई यात!"

* * *

स्पीकर आले, पण नीट वाजेनात. कारण पांडुरंगजी.

मौल्यवान वस्तू कुलुपात ठेवावी, असा संस्थेचा नियम होता. पांडुरंगजींनी दोन्ही स्पीकर जड वस्तूंच्या रजिस्टरात चढवले, काचेच्या पुस्तक-कपाटात ठेवले, भोकातून वायर बाहेर काढली आणि कुलूप घातलं. किल्ली जानव्याला.

मी म्हटलं, "पांडुरंगजी, काचेआडून आवाज घुसमटतो आहे."

"पण येऊन राह्यला ना बाहेर? वस्तू आत, आवाज बाहेर. नियमात बसते."

मी अर्ज केला. त्यावर त्यांनी शेरा मारला: "विचाराधीन." विचार करणारेही तेच होते.

चार दिवसांनी मी रजिस्टर वाचलं, शब्द न शब्द. त्यात कुलपाची नोंद होती, काचेची नव्हती. विनायकाने काचा उतरवल्या. पांडुरंगजींनी रजिस्टर पुन्हा पाहिलं, मान डोलावली, आणि त्या उघड्या चौकटीला रोज संध्याकाळी कुलूप घालून, ओढून बघून, ते समाधानाने घरी जाऊ लागले.

* * *

होळीला आठ दिवस उरले असताना मी डोमाजीभाऊंना पुन्हा बोलावलं. बाजाराचा दिवस होता, दुपार. त्यांच्यासोबत सायत्राबाई आल्या होत्या, त्यांची बायको. पहाटे दोघं तलावावर, मग बाजारात मासळी विकायची, मग पायी घर, असा त्यांचा दिवस. मी आत बोलावलं तर म्हणाल्या, "माह्या अंगाले मासोळीचा वास येते बाई, मी इथीच बसतो." अंगणातल्या निंबाला टेकून, रिकामी टोपली उशाला घेऊन त्या बसल्या, आणि थोड्या वेळाने त्यांचा डोळा लागला.

आत मी एकेक आवाज लावत गेले. चौदावा मुद्दाम शेवटी ठेवला होता.

डोमाजीभाऊ डोळे मिटून बसले होते. एकदाही अडले नाहीत. "टिबुकली. पिलावाली हाये." "पाणकोंबडी. घाबरली." अकराव्याला तर मला थांबवलं. "तुमी येकच लिवलं. दोन पाखरं हायेत. मांगचं आयका." मी तीनदा ऐकलं. मागे, अगदी मागे, दुसरं होतं.

एकोणतीस संपले. एकोणतीस बरोबर. आता त्यांनी चौदाव्या पक्ष्याचं काहीही नाव सांगितलं असतं, गावठी, गोंडी, कुठलंही, तरी त्यांचं काम पक्कं होतं. आणि मलाही पुस्तकात नसलेला एक पक्षी मिळणार होता.

मी चौदावा लावला. दोन आखूड, मग एक लांब, वर चढत गेलेला.

डोमाजीभाऊंनी डोळे उघडले. माझ्याकडे नाही, जमिनीकडे पाहिलं.

"हे पाखरू नाई."

"मग काय आहे?"

"राहू द्या नं, बाई."

"भाऊ, याच आवाजावर तुमचं नाव अडलं आहे. नाही सांगितलंत तर मला 'ओळखता आला नाही' असं लिहावं लागेल. दोन वर्षांचं काम जाईल."

त्यांनी मान आणखी खाली घातली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"तसंच लिवा."

"तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही सांगत नाही!"

"लिवा म्हन्तो नं. येत नाई मले. जाऊ द्या काम."

विनायकाला वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नसेल. "मॅडम, एकदा मोठ्याने लावू?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता त्याने बटण पुरतं फिरवलं. डोमाजीभाऊ हात पुढे करून अर्धवट उठले, "ए पोरा, नोको..."

तोवर उघड्या कपाटातून, उघड्या दारातून तो आवाज अंगणात गेला होता. दोन आखूड, एक लांब.

निंबाखाली टोपली कलंडली. सायत्राबाई झोपेतच ताडकन उभ्या राहिल्या, पदर खोचला, आणि तलावाच्या दुसऱ्या काठापर्यंत पोचेल अशा खणखणीत गळ्याने ओरडल्या:

"आली ना जी मी, आली! तुमी जाळं सोडू नोका!"